पटवणं आणि फसवणं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

‘पटवणं’ हे मराठीतलं मोठं खट्याळ क्रियापद आहे. आई मुलीला शिक्षणाचं महत्त्व पटवून देते आणि बाजारातला दलालही गिऱ्हाईक पटवतो. क्रियापद एकच, पण पहिल्या वाक्यात ऐकणाऱ्याचं हित आहे आणि दुसऱ्यात बोलणाऱ्याचं. त्याचं मूळ रूप ‘पटणं’ मात्र अगदी सरळ आहे. आपण म्हणतो, ‘मला पटलं.’ या वाक्यात बोलणारा कुठेच दिसत नाही, दिसतो तो फक्त ऐकणारा. व्याकरणाने इथे एक मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. बोलणारा कितीही बोलो, पटण्याची क्रिया ऐकणाऱ्याच्या आतच घडते.

ज्यांना काही विकायचं आहे त्यांनी राजकीय प्रचारापासून काय शिकावं, हा आजचा विषय. कवीला बाजारातलं काय कळतं, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कवितासंग्रहांचा खप पाहिला की त्याचं उत्तरही मिळतं. पण चार शब्दांत समोरच्याच्या काळजाला हात घालायची धडपड कवीची, पुढाऱ्याची आणि जाहिरातदाराची सारखीच असते. शिवाय विकणारे म्हणजे फक्त मोठ्या कंपन्या असंही नाही. बचत गटाचा मसाला विकणाऱ्या बायका, नवा दवाखाना उघडणारा डॉक्टर, वर्गणीदार शोधणारं वाचनालय, या साऱ्यांनाच आपली गोष्ट चार माणसांना पटवून द्यावी लागते.

‘हल्ली पुढारी साबणासारखे विकले जातात’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. गंमत अशी की मत आणि साबण यांचं नातं अभ्यासकांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. पॉल लाझार्सफेल्ड हे समाजशास्त्रज्ञ तरुणपणी व्हिएन्नात समाजवादी चळवळीत होते आणि बाजारपेठेच्या पाहण्याही करत होते. समाजवाद्यांना मत देणं आणि साबण विकत घेणं या दोन्हींचा अभ्यास एकाच पद्धतीने करता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस दोन्हीकडे निवडच करत असतो. फरक इतकाच की निवडणुकीची तारीख ठरलेली असते, त्या दिवशी पेट्या उघडतात आणि प्रचार फळला की फसला हे साऱ्या जगासमोर मोजलं जातं. म्हणून निवडणूक ही पटवण्याच्या कलेची उघड्यावरची शाळा आहे. या शाळेतले काही धडे आपण पाहू.

पहिला धडा आपल्याच पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा. १९५१-५२ मध्ये देशात सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता, की नाव वाचता न येणाऱ्याने माणूस निवडायचा कसा? त्यातून निवडणूक चिन्हं आली. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं वडाचं झाड, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, किसान मजदूर प्रजा पार्टीची झोपडी. पहिल्या दोन निवडणुकांत तर प्रत्येक उमेदवाराची मतपेटीच वेगळी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. मतदाराने आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा, की झालं.

या चिन्हांची यादी पुन्हा ऐका. तिच्यात मतदाराला नव्याने शिकवावं लागेल असं एकही चित्र नाही. सगळं त्याच्या दारात, गोठ्यात, देवळीत आधीपासून होतं. आपल्याकडे एखादा उद्योग सुरू झाला की पहिले पैसे बोधचिन्हावर खर्च होतात. दोन वळणाच्या रेघा, एक निळा ठिपका, आणि त्याचा अर्थ सांगायला एक माणूस. पण किराणा दुकानाच्या फळीसमोर थोडा वेळ उभे राहा. कित्येक गिऱ्हाइकं अजून ‘लाल साबण द्या’, ‘पिवळी पावडर द्या’ असंच मागतात. ज्या खुणेचा अर्थ सांगावा लागत नाही, तीच खूण बाजारात टिकते.

खुणेशी खेळ झाला तर काय होतं, हे महाराष्ट्राने अगदी अलीकडे पाहिलं. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत शरद पवार यांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवं चिन्ह मिळालं होतं. त्याच वेळी काही अपक्षांच्या वाट्याला ट्रम्पेट हे चिन्ह आलं आणि त्याचं मराठी नावही ‘तुतारी’च होतं. साताऱ्यात तुतारी चिन्हाच्या अपक्षाला मिळालेली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त निघाली. त्यातली किती चुकून पडली हे कुणालाच सांगता येणार नाही. पण मतदारांचा गोंधळ झाल्याची तक्रार पक्षाने केली. नाव आणि चित्र यांत एवढासा सारखेपणा किती महाग पडू शकतो, हे ज्याच्या मालाशेजारी तसल्याच वेष्टनातला नकली माल मांडलेला असतो त्या प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे.

खुणेनंतर येतो शब्द. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची घोषणा घ्या : ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ राज्य पुनर्रचना, भाषिक तत्त्व, विधिमंडळातले ठराव या साऱ्या जंजाळातून एक वाक्य वेगळं काढलेलं होतं, आणि त्या वाक्याचा प्राण होता एका अक्षरात, ‘झालाच’मधल्या ‘च’मध्ये. तो ‘च’ काढा, विनंती उरते. ठेवा, निर्धार होतो. आणखी एक गोष्ट. ‘मुंबईसह’ हा शब्द मूळ मागणीतली वाटाघाटीची वाटच बंद करून टाकतो. मुंबई वगळून महाराष्ट्र, हा तोडगा त्या घोषणेत बसूच शकत नव्हता. आपल्याला नेमकं काय हवं आहे हे ठाऊक असल्याखेरीज असं वाक्य लिहिता येत नाही. आजच्या जाहिरातींत ‘दर्जा, विश्वास आणि परंपरा’ असले तीन-तीन शब्द एकत्र येतात, तेव्हा समजावं की लिहिणाऱ्याला काय सांगायचं आहे हे ठरलेलं नाही.

त्या चळवळीला आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ होता. १५ नोव्हेंबर १९५६ला हे दैनिक सुरू झालं. पण वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपर्यंतच जातं. गिरणगावात आणि खेडोपाडी चळवळ पोचली ती शाहिरांच्या डफावर. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर ही त्यांतली मोठी नावं. अण्णाभाऊंची मैनेची छक्कड आठवून पाहा. मुंबईत पोटासाठी आलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची मैना, यांच्या ताटातुटीचं ते गाणं. ऐकता ऐकता ती ताटातूट महाराष्ट्राची होते. बेळगाव, कारवार, मुंबई यांची होते. सीमाप्रश्न कामगाराला समजावून सांगण्याची गरजच उरली नाही. विरह तो रोज भोगत होता, त्याच दुःखाला शाहिराने मोठा अर्थ दिला. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा बसला आणि १ मे १९६०ला मुंबईसह राज्य झालं. त्यामागे हुतात्म्यांचं रक्त होतं, संघटना होती, लोकांनी सोसलेले कष्ट होते. पण त्या सगळ्याला एका सुरात आणलं ते शब्दांनी.

आता हीच गोष्ट बचत गटाच्या मसाल्याला लावून पाहू. पाकिटावर बहुधा छापलेलं असतं : ‘उत्कृष्ट दर्जाचा, शुद्ध, घरगुती मसाला.’ यातला प्रत्येक शब्द खरा असेल, पण तो विकणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. गावातून शिकायला गेलेली मुलं पुण्यात, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तीन-तीन जण एका खोलीत राहतात. रात्री आमटी करतात आणि ती काही आईच्या हातची होत नाही. त्यांना ‘खोलीवरही घरची आमटी’ एवढंच सांगितलं तरी पुरे. घराची आठवण त्यांच्यापाशी आधीपासून आहेच. पाकिटाने फक्त तिला हाक मारायची.

ऐकणाऱ्याच्या आत आधीपासून काय आहे, याचा विचार करणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. टोनी श्वार्ट्झ हे त्याचं नाव, आणि मुळात तो होता ध्वनिमुद्रण करणारा, म्हणजे आम्हा रेडिओवाल्यांच्या बिरादरीतला. १९६४च्या अध्यक्षीय निवडणुकीत लिंडन जॉन्सन यांच्यासाठी डॉइल डेन बर्नबाक या जाहिरात संस्थेने त्याच्या साहाय्याने एक चित्रफीत केली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजते आहे. तिची मोजणी संपते, क्षेपणास्त्राची उलटी मोजणी सुरू होते आणि पडद्यावर अणुस्फोट होतो. जॉन्सन यांचे प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचं नावही तिच्यात नव्हतं. गोल्डवॉटर अण्वस्त्रांबद्दल सैल बोलतात ही भीती लोकांच्या मनात आधीच होती. उरलेलं वाक्य त्यांनी स्वतःच पुरं केलं. ७ सप्टेंबर १९६४ला ही जाहिरात पैसे देऊन फक्त एकदाच दाखवली गेली. पुढे बातम्यांमधूनच ती देशभर पोचली.

ऐकणाऱ्याला वाक्य पुरं करू द्यायचं, ही युक्ती मुशायऱ्यातल्या शायराला चांगली ठाऊक असते. गझलेचा रदीफ एकदा कानात बसला की तिसऱ्या-चौथ्या शेराला श्रोते शायराच्या आधीच तो म्हणून मोकळे होतात, आणि मग ती गझल शायराची एकट्याची राहत नाही. २०१४च्या निवडणुकीत ‘अब की बार, मोदी सरकार’ या घोषणेचं असंच झालं. यमक इतकं सोपं होतं की लोकांनी तिच्या आधी जोडायच्या शेकडो ओळी स्वतः रचल्या. त्यांतल्या कित्येक तर थट्टेच्या होत्या. पण थट्टा करणाऱ्याच्या तोंडीही शेवटी घोषणा तीच येत होती. आपली जाहिरात लोकांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या खर्चाने करावी, यापरतं विकणाऱ्याला आणखी काय हवं?

याच्या उलटही घडतं. २००३च्या अखेरीस आणि २००४च्या सुरुवातीला केंद्रातल्या रालोआ सरकारने ‘इंडिया शायनिंग’ ही मोहीम चालवली. ग्रे वर्ल्डवाइड या जाहिरात संस्थेने ती केली होती. सुंदर छायाचित्रं, हसरे चेहरे, कोट्यवधींचा खर्च. निवडणूक मुदतीआधी घेतली गेली आणि १३ मे २००४ला निकाल लागला तेव्हा काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. केवळ एका घोषणेने सरकार पडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तामिळनाडूत मित्रपक्ष बदलले होते, आंध्रात शेतकरी हवालदिल होता, अशी अनेक कारणं होती. तरी त्या घोषणेतली एक गोष्ट बोचणारी होतीच. ती ऐकणाऱ्याला काही विचारत नव्हती, ‘तुमचं छान चाललं आहे’ असं परस्पर सांगून टाकत होती. ज्याची विहीर आटली आहे त्याला ‘तू चमकतो आहेस’ म्हटलं, की त्याला आपली चेष्टा वाटते. उलट काँग्रेसच्या जाहिरातीत प्रश्न होता : ‘आम आदमी को क्या मिला?’ प्रश्नाचं उत्तर ऐकणाऱ्यालाच द्यायचं असतं, आणि तो ते स्वतःच्या घरात डोकावून देतो.

प्रतिस्पर्ध्याला उत्तर कसं द्यावं, याचा धडा १९७१चा आहे. विरोधकांच्या बड्या आघाडीचा सूर ‘इंदिरा हटाओ’ असा होता. इंदिरा गांधींनी तेच वाक्य उचललं आणि त्यातला एक शब्द बदलला. ते म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरिबी हटाओ. त्यांना ३५२ जागा मिळाल्या. बाजारातही असं उदाहरण आहे. अहमदाबादेत १९६९ साली करसनभाई पटेल यांनी सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केलेली निरमा पावडर पुढे सर्फला भारी पडू लागली, कारण ती कितीतरी स्वस्त होती. तेव्हा लिंटास संस्थेने सर्फसाठी ललिताजी उभी केली. ही बाई स्वस्ताईला हिणवत नाही. भाजीच्या दुकानात घासाघीस करणारी ही काटकसरी गृहिणी स्वस्त आणि चांगलं यांतला हिशेब मांडते : अर्धा किलो सर्फ किलोभर स्वस्त पावडरीइतकं चालतं. भांडण किमतीवरून हिशेबावर आलं.

मात्र ‘गरिबी हटाओ’ची गोष्ट १९७१ला संपत नाही. महागाई आणि टंचाईने लोक पोळले, १९७४ला गुजरात आणि बिहार पेटले, मग आणीबाणी आली आणि १९७७ला त्याच मतदारांनी त्याच इंदिराजींना घरी बसवलं. घोषणा ही एक हुंडी असते. ती लिहिताना टाळ्या पडतात, पण मुदत भरली की कुणीतरी ती वटवायला येतंच. मतदाराला त्यासाठी पाच-सहा वर्षं थांबावं लागतं, गिऱ्हाईक पुढच्या महिन्याच्या किराण्यालाच निकाल देतं. माल जर शब्दाइतका नसेल तर चांगली जाहिरात त्याचं वाईटच लवकर करते. ज्यांनी एरवी तो माल पाहिलाही नसता, ते सारे एकदम त्याचा अनुभव घेतात आणि चार जणांना सांगतात.

इथून आपण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाच्या धड्याकडे येतो. सांगायचं काय हे ठरलं. पण सांगणारा कोण? १९४० साली अमेरिकेत रूझवेल्ट आणि विल्की यांची लढत चालू असताना लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी परगण्यात ६०० मतदार निवडले आणि मे ते नोव्हेंबर त्यांना पुन्हा पुन्हा भेटून विचारलं, तुमचं मत कसं बनत गेलं? रेडिओ आणि वर्तमानपत्रं लोकांची मतं उलटीपालटी करत असतील, अशी त्या काळची समजूत होती. निघालं वेगळंच. प्रचार ऐकून बाजू बदललेले फारच थोडे होते. लोकांवर जास्त वजन पडत होतं ते ओळखीच्या माणसांचं. शेजाऱ्याचं, कामावरच्या जोडीदाराचं. रेडिओचं म्हणणं आधी अशा चार जाणत्यांकडे जातं आणि त्यांच्यामार्फत इतरांकडे पोचतं, असं त्यांनी १९४४च्या आपल्या ग्रंथात मांडलं. रेडिओवरून हे सांगताना मला थोडं हसू येतं आहे.

पुढे १९९८ साली अ‍ॅलन गर्बर आणि डोनल्ड ग्रीन या दोन प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांवर प्रयोग केला. ‘मतदानाला या’ एवढाच, कोणत्याही पक्षाचा नसलेला संदेश काहींना टपालाने गेला, काहींना फोनवरून, आणि काहींच्या दारात माणूस जाऊन उभा राहिला. फोनचा उपयोग झाला नाही. टपालाचा अगदी थोडा झाला. दारात भेटलेल्या मतदारांचं मतदान मात्र जवळपास ९ टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडच्या जुन्या कार्यकर्त्याला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. मतदारयादीचं पान हातात घेऊन तो घरोघर चिठ्ठ्या वाटतो तेव्हा कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा मुंबईला आहे, हे त्याला माहीत असतं.

आमच्याकडे बांगड्या भरणारे मणेर असेच असत. गावोगाव फिरणाऱ्या मणेराला कोणत्या घरात कोणाचा हात केवढा हे पाठ असे. लेक माहेरी आल्याची बातमी त्याला आधी लागे. त्याची विक्री ओळखीवर चाले, आणि ती ओळख त्याने वर्षानुवर्षं जपलेली असे. आज कंपन्या ‘डेटा’ म्हणतात तो साठा त्याच्या डोक्यात होता. पण एका घरची गोष्ट तो दुसऱ्या घरात सांगत नसे, म्हणून तर त्याला माजघरापर्यंत वाट मोकळी होती.

शब्द कोण घेऊन येतो यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे पोलिओच्या मोहिमेने दाखवलं. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले आणि त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले होते. अमिताभ बच्चन दूरचित्रवाणीवरून ‘दो बूंद ज़िंदगी की’ सांगत होते आणि त्या आवाजाने कोट्यवधी घरांतली मुलं बूथपर्यंत आणलीही. पण पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गरीब मुसलमान मोहल्ल्यांत काही दारं बंदच राहिली. या थेंबांनी मुलांना पुढे मूल होणार नाही, अशी अफवा होती. तिला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. अशा वस्तीतली आई काय विचारत होती तेही ऐका. गटार तुंबलं तेव्हा कुणी आलं नाही, तापाचं औषध मागितलं तेव्हा मिळालं नाही, मग हे एकच औषध फुकट घेऊन तुम्ही सारखे माझ्या दारात का येता? प्रश्न अगदी बिनतोड होता.

त्याचं उत्तर मोठ्या जाहिरातीने मिळालं नाही. त्याच मोहल्ल्यांतल्या बायकांना घरोघर बोलण्याचं काम देण्यात आलं. मशिदीतून इमामांनी आवाहन केलं. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया इस्लामिया अशा संस्थांची मदत घेतली गेली. थेंबांबरोबर हात धुण्याच्या, अतिसाराच्या, इतर लसींच्या गोष्टीही बोलल्या जाऊ लागल्या, म्हणजे त्या आईच्या प्रश्नाची दखल घेतली गेली. थेंब तेव्हाही दोनच होते. १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ला जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या पोलिओमुक्तीवर शिक्कामोर्तब केलं. ज्याला कोणतीही वस्तू नव्या वस्तीत न्यायची आहे त्याने ही गोष्ट विसरू नये. संशय हा बहुधा आधीच्या अनुभवातून आलेला असतो. तो दूर करायचा तर आधी तो अनुभव ऐकून घ्यावा लागतो.

ऐकून घेण्याची आजची यांत्रिक तऱ्हा म्हणजे चाचणी. बराक ओबामा यांच्या २००८च्या निवडणुकीसाठीच्या संकेतस्थळाचं पहिलं पान कसं असावं, यावर त्यांच्या चमूने चित्रं आणि बटणावरचे शब्द बदलून २४ रूपं केली आणि ती तीन लाखांहून अधिक लोकांना वाटून दाखवली. चमूतल्या मंडळींचा जीव भाषणाच्या चित्रफितीवर होता. प्रत्यक्षात सगळ्या चित्रफिती मागे पडल्या. ओबामांचं कुटुंबाबरोबरचं साधं छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ अशा अर्थाचं बटण यांची जोडी जिंकली. नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. कवीला यात आश्चर्य वाटत नाही. रात्र रात्र जागून घडवलेल्या ओळीला सभागृह गप्प बसतं आणि सहज आलेल्या साध्या ओळीला ‘मुकर्रर’ येतं. बचत गटाने दोन तऱ्हेची पन्नास-पन्नास पाकिटं एकाच दुकानात आठवडाभर ठेवली, तरी हीच चाचणी होते. तिला फारसा खर्च लागत नाही. आपल्या आवडीचं पाकीट हरलं तर ते मान्य करायचं मन तेवढं लागतं.

आता प्रचारापासून काय शिकू नये, तेही सांगायला हवं. भीतीचं बटण लगेच दाबलं जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा दाबण्याचा मोह होतो. ‘शेजाऱ्यापासून सावध राहा’ असं सांगून मतं मिळतात, पण शेजार कायमचा नासतो. बाजारातही हे चालतं. मूल मागे पडेल, रंग काळा म्हणून लग्न होणार नाही, अशी भीती आधी विकायची आणि मग डबा विकायचा. दुसरी गोष्ट चोरून ऐकण्याची. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीने फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती त्यांच्या नकळत मिळवल्याचं २०१८ला उघड झालं आणि ती राजकीय प्रचारासाठी होती. मणेराने घरोघरच्या गोष्टी बाजारात विकाव्यात, तसलाच हा प्रकार.

या बाबतीत बाजार राजकारणाच्या एक पाऊल पुढे आहे, हेही नमूद करायला हवं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात व्यवसायाने १९८५ साली स्वतःवर नजर ठेवायला जी परिषद नेमली, तिच्याकडे साबणाच्या खोट्या दाव्याची तक्रार करता येते. राजकीय जाहिराती मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे शिकण्याचा व्यवहार एकतर्फी असू नये. घोषणा कशी रचावी हे जाहिरातदाराने प्रचारकाकडून घ्यावं आणि दाव्याचा पुरावा कसा ठेवावा हे प्रचारकाने बाजाराकडून.

आणि शेवटी निवडणुकीतली एक फार चांगली रीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६व्या कलमानुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार थांबतो. सभा बंद, भोंगे बंद. गेल्या काही वर्षांत मोबाइलने ही शांतता बरीच पोखरली आहे, तरी तिच्यामागचा विचार थोर आहे. दोन्ही बाजूंनी बोलून झालं, आता ज्याला ठरवायचं आहे त्याला त्याचा विचार करू द्या. बाजारात अशी शांतता कुठेच नाही. ‘फक्त आजच’, ‘शेवटचे दोन नग’, ‘दहा मिनिटांत निर्णय घ्या’ असं आपल्या कानाशी अखंड चालू असतं. ज्या विक्रेत्याचा आपल्या मालावर विश्वास आहे त्याने एकदा गिऱ्हाइकाला म्हणून पाहावं, ‘घरी जा, विचार करा, पटलं तर या.’ असं परत आलेलं गिऱ्हाईक सहसा सुटत नाही. पटवलेलं माणूस दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी पटवून नेतो. ज्याला आतून पटलेलं असतं, ते आपण न सांगताही आणखी चौघांना सांगत राहतं.